फॅमिन कोड नेमका कोणासाठी लिहिला होता?

आपत्ती कायद्यावर संशोधन करायचं ठरलं की बहुतेक जण सर्वात आधी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा उघडून बसतात. मीही बसले होते. मग कोणीतरी म्हणालं, थोडं मागे जा, ब्रिटिशकालीन फॅमिन कोड वाच. वाचला आणि हरखले. १८८३ सालीच इतकी तपशीलवार व्यवस्था! पाऊस हुकला की काय बघायचं, चाचणी म्हणून कामं कधी काढायची, मजुरी किती द्यायची, ज्यांना काम झेपत नाही त्यांना फुकट मदत कशी द्यायची, सगळं त्यात आहे. मी प्रकरणाचा मसुदा लिहिला, "भारतातील मदतीच्या हक्काची सुरुवात". गाईडनी तो वाचून एकच प्रश्न विचारला, "यातलं प्रत्येक वाक्य कोणाला उद्देशून आहे?"

तुम्हीही कोणताही जुना कायदा वाचताना हा प्रश्न विचारून बघा. फॅमिन कोडमधली वाक्यं कलेक्टरला, त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना, गावकामगारांना उद्देशून आहेत. त्यांनी अमुक करावं, तमुक कळवावं. उपाशी माणूस वाक्यात आहे, पण कर्म म्हणून. त्याच्याशी कोणी बोलत नाही. शिवाय हा विधिमंडळाने केलेला कायदा नव्हता, प्रशासकीय सूचनांचं पुस्तक होतं. ते हातात घेऊन कोर्टात जाता येत नव्हतं.

हे चुकून झालं होतं का? अजिबात नाही. त्यासाठी १८७६-७८ च्या दुष्काळाकडे जावं लागतं. मद्रास, म्हैसूर आणि मुंबई इलाख्याचा दख्खनी भाग त्यात होरपळला. व्हाइसरॉय लिटनने पाहणीसाठी रिचर्ड टेंपलला पाठवलं. या टेंपलची गोष्ट मोठी विचित्र आहे. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले, आणि फार पैसा उधळला म्हणून बोलणी खाल्ली. या वेळी त्याने ती चूक (त्याच्या वरिष्ठांच्या लेखी चूक) टाळली. पुरुष मजुराची रोजची मजुरी ठरली एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर कॉर्निश यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजुरांनी काम नाकारलं, ते कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

नंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. १८८० चा त्याचा अहवाल तुम्ही मुळातून वाचाच. दुष्काळात लोकांना वाचवणं हे सरकारचं कर्तव्य आहे असं तो मान्य करतो. पण दुष्काळात गरिबांना मदत मागण्याचा हक्क आहे असं एकदा मानलं, की उद्या ते कायमच हक्क सांगतील, ही भीतीही त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे कर्तव्य ठेवायचं, पण समोरच्याच्या हातात हक्क द्यायचा नाही. फॅमिन कोडची भाषा तशी का आहे, याचं उत्तर इथे मिळतं.

आता १८९६. पुन्हा पाऊस गेला. सार्वजनिक सभा तोवर टिळकांच्या गटाकडे आली होती. सभेने फार साधी गोष्ट केली. कोडमधल्या तरतुदी मराठीत आणून गावोगाव माणसं पाठवली आणि लोकांना सांगितलं, की सरकारच्याच पुस्तकात हे लिहिलंय. पीक बुडालं तर सारा तहकूब होतो, माफ होतो. गुरं विकून, कर्ज काढून सारा भरू नका. अधिकाऱ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक रयतेने वाचायला घेतलं. शब्द तेच राहिले, वाचणारा बदलला.

सरकारला नेमकं हेच झोंबलं. सभेच्या काही प्रचारकांवर खटले भरले गेले, आणि १८९७ मध्ये मुंबई सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. यापुढे सभेने सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहायचं नाही! त्याच वर्षी फेब्रुवारीत, प्लेगमुळे, साथरोग कायदाही आला. जेमतेम चार कलमांचा. त्यात सरकारला हवे ते उपाय करण्याची मुभा आहे, न ऐकणाऱ्याला शिक्षा आहे आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. रोग्याला काय मिळेल, याबद्दल एक अक्षर नाही.

इथे एक सावधगिरी. सभेची गोष्ट वाचून मी फार भारावले होते, तुम्ही तसं करू नका. सारामाफीचा फायदा ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. बिनजमिनीच्या मजुराला सारामाफीतून थेट काहीच मिळत नव्हतं, आणि दुष्काळात आधी तोच मरतो. १८७७ मध्ये काम सोडून गेलेल्या मजुरांचे स्वतःचे शब्दही मला कुठे सापडले नाहीत. जे भेटतं ते अधिकाऱ्यांच्या पत्रांतून किंवा पुण्यातल्या शिकलेल्या मंडळींच्या अर्जांतून. ती गाळणी लक्षात ठेवूनच वाचावं लागतं.

मजुराच्या बाजूने वाक्य फिरायला पुढे खूप वर्षं लागली. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवानंतर महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमी अधिनियम केला. काम मागणारा माणूस इथे वाक्याचा कर्ता झाला, आणि काम दिलं नाही तर भत्ता देणं सरकारवर आलं. स्ट्रॅची आयोगाला ज्याची धास्ती होती, बरोब्बर तेच.

एवढं झाल्यावर २००५ च्या कायद्याकडे परत या. मूळ कायद्याचं कलम १२ म्हणत होतं, की राष्ट्रीय प्राधिकरण मदतीच्या किमान दर्जाबाबत मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस करेल. निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार, स्वच्छता. विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतूद. मृत्यू झाल्यास मदत. पुन्हा तोच प्रश्न विचारा. हे वाक्यही प्राधिकरणाला उद्देशून होतं. २०२१ मध्ये कोविडच्या मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयात वाद झाला तो यातल्या एका क्रियापदावर, 'शाल'वर. हे बंधनकारक आहे की सरकारच्या मर्जीवर? न्यायालयाने ३० जूनच्या निकालात सांगितलं, बंधनकारक आहे. त्यानंतर प्रत्येक मृत्यूमागे ५०,००० रुपये ठरले.

मूळ कायद्यात या रकमेसाठी 'एक्स ग्रेशिया' हा शब्द होता. आपल्या सरकारी मराठीत तिला सानुग्रह सहाय्य म्हणतात. बंधनकारक ठरल्यावरही नाव तेच राहिलं, अनुग्रह.