रोझलीनचे पुनरागमन

शेक्सपियरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधील रोझलीन वर्गात एका वाक्यात उरकली जाते : ज्युलिएट भेटण्यापूर्वी रोमिओ जिच्यासाठी झुरत होता ती. तिला नाटकात एकही संवाद नाही. कॅप्युलेटच्या मेजवानीच्या यादीत तिचे नाव येते आणि तिने अविवाहित राहण्याची शपथ घेतल्याचे रोमिओकडून कळते, एवढेच. शेक्सपियरने ज्याचा आधार घेतला त्या आर्थर ब्रूकच्या १५६२ मधील दीर्घकाव्यात तर या स्त्रीला नावही नव्हते.

या मूक पात्राचा रंगभूमीवरील इतिहास मात्र बोलका आहे. थिओफिलस सिबरने १७४४ मध्ये आपल्या रूपांतरातून रोझलीन वगळली. डेव्हिड गॅरिकने १७४८ मध्ये तिला ठेवले. पण रोमिओचे एका रात्रीत पालटणारे मन अनेकांना नाटकावरचा डाग वाटले आणि १७५० मध्ये त्यानेही तिला काढले. शिवाय थडग्यात रोमिओचे प्राण जाण्यापूर्वीच ज्युलिएटला जागे करून त्याने दोघांना अखेरचा संवाद दिला. १८४५ मध्ये लंडनला शार्लट कुशमनने स्वतः रोमिओची भूमिका करून (ज्युलिएट होती तिची सख्खी बहीण सुझन) मूळ संहितेकडे परतण्याचे धाडस केले. तोवर जवळजवळ शंभर वर्षे इंग्रज प्रेक्षक एकनिष्ठ रोमिओसाठी अश्रू ढाळत होते.

रोझलीन गेली की नाटकातून नेमके काय जाते? माझ्या मते, त्यातील सुखात्मिका जाते. तिसऱ्या अंकात मर्क्युशिओ मरेपर्यंत या नाटकाची सारी सामग्री सुखात्मिकेचीच आहे : मुखवट्यांचे नृत्य, बडबडी दाई, चावट मित्र, आणि सकाळी एकीसाठी उसासे टाकून रात्री दुसरीच्या बागेत शिरणारा नायक. या नायकाला आपण आधी हसलेलो असतो. तीच उतावीळ वृत्ती पुढे अवघ्या चार-पाच दिवसांत त्याला विषाच्या कुपीपर्यंत नेते, तेव्हा ते हसू आपल्याला बोचते. गॅरिकने प्रेमाला प्रतिष्ठा दिली, पण ही बोच गमावली.

कॅरन मेन यांचा 'रोझलीन' (२०२२) हा चित्रपट या पार्श्वभूमीवर पाहावा. रेबेका सर्ल यांच्या 'व्हेन यू वेअर माइन' या कादंबरीवर आधारलेल्या या प्रणय-सुखात्मिकेत टाकून दिलेली रोझलीनच नायिका आहे. रोमिओला परत मिळवण्यासाठी ती आपल्या चुलत बहिणीविरुद्ध, म्हणजे ज्युलिएटविरुद्ध, डाव रचते. शोकांतिकेचा शेट गोड करणे नवे नाही. सतराव्या शतकात जेम्स हॉवर्डच्या रूपांतरात प्रेमी जिवंत राहत, आणि एक दिवस शोकान्त तर दुसऱ्या दिवशी सुखान्त असे प्रयोग होत, अशी नोंद जॉन डाउन्सने केली आहे. हॉवर्डने शेवट बदलला. या चित्रपटाने शेवटाबरोबर पाहणाराच बदलला.

चित्रपट सर्वत्र जमला आहे असे नाही. दोन घराण्यांचे वैर त्यात विनोदापुरते उरते, आणि रोमिओला इतका भोळसट केला आहे की त्याच्यासाठी कोणी कट का रचावा, हा प्रश्न पडतो. पण अखेरीस, श्रेयनामावलीच्या मध्येच, एक छोटे दृश्य येते : मरणातून वाचलेले रोमिओ-ज्युलिएट नावेत बसले आहेत, आणि एकमेकांशी काय बोलावे हे त्यांना सुचत नाही. गॅरिकला ज्याची धास्ती वाटली होती, ते नेमके हेच.