जुन्या गिअरबॉक्सास नवें एंजिन

डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर, 'प्रीमियर कॉलनी' हें नांव अद्याप ऐकूं येतें. ज्या कंपनीची ही खूण, ती वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिली. कल्याणकडील कारखाना मागाहूनचा, आरंभ कुर्ल्यास झाला. तेथील डॉज मालमोटारींची मूळ अमेरिकन घडण पेट्रोल एंजिनाची. पुढें त्यांत पर्किन्स जातीचें इंग्रजी डिझेल बसूं लागलें.

वाचकांस हा फेरबदल किरकोळ वाटेल. परंतु एंजिन व गिअरबॉक्स यांमधील कवचाचीं भोंकें जुळलीं म्हणजे काम संपत नाहीं. गिअरबॉक्साचा दंड फ्लायव्हीलच्या मध्याशीं केसभरहि न ढळतां बसावा लागतो. ढळल्यास क्लच व बेअरिंग लवकर झिजतात. डिझेल थोड्या फेऱ्यांत अधिक रेटा देतें. तो जुन्या दांत्यांस सोसला पाहिजे. मागल्या आंसाचें प्रमाण तेंच ठेवल्यास गाडी ओझें ओढील, पण वेग धरणार नाहीं.

परदेशच्या दोन यंत्रांस एकत्र नांदवितांना आमच्या कारागिरांची खरी परीक्षा झाली. इतिहासांत संस्थापकांचीं नांवें सांपडतात. हा सांधा जुळविणाऱ्या हातांचीं क्वचितच. तो सांधा निखळता, तर दोन्ही यंत्रें भंगारच होतीं, हें आम्हीं विसरूं नये.