मुद्रणयोग्य डिझाइनांची विक्री

मुद्रणयोग्य डिझाइनांची विक्री हा घरबसल्या करता येणारा एक डिजिटल व्यवसाय आहे. यात विक्रेता दैनंदिनीची पाने, निमंत्रणपत्रिका, लेबले, भित्तिचित्रे, मुलांच्या सरावपत्रिका इत्यादींची संगणकावर तयार केलेली फाइल विकतो. ग्राहक ती फाइल उतरवून घेतो आणि घरच्या प्रिंटरवर किंवा जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापतो. अशा फायलींना सामान्यतः ‘प्रिंटेबल’ म्हटले जाते. कागद, छपाई, साठवण आणि टपाल यांचा खर्च विक्रेत्यावर पडत नाही आणि एकच फाइल कितीही वेळा विकता येते. मात्र याच कारणांमुळे व्यवसायात प्रवेश सोपा, स्पर्धा तीव्र आणि नक्कल सहज होते. त्यामुळे ‘एकदा काम, आयुष्यभर उत्पन्न’ अशी त्याची जी जाहिरात केली जाते, ती वस्तुस्थितीला पूर्णपणे धरून नाही.

‘मागणीनुसार छपाई’ हा व्यवसाय यापेक्षा वेगळा आहे. त्यात विक्रेत्याचे डिझाइन एखादी कंपनी कप, सदरा यांसारख्या वस्तूवर छापून ग्राहकाला पाठवते. मुद्रणयोग्य डिझाइनांच्या विक्रीत कोणतीही भौतिक वस्तू पाठवली जात नाही.

इतिहास

घरी वापरण्यासाठी तयार नमुना विकण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी शिवण-नमुने विक्रीस आणले. ग्राहक कपडा विकत न घेता तो शिवण्याचा आराखडा विकत घेत असे. मराठी घरांत रांगोळीच्या ठिपक्यांची पुस्तके, मेंदीच्या नक्षीच्या पुस्तिका आणि भरतकामाचे छापील नमुने यांनी हेच काम केले.

डिजिटल रूपाचा पाया १९८० च्या दशकात घातला गेला. अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णन भाषा (१९८४), अ‍ॅपलचा लेझररायटर प्रिंटर आणि अल्डस कंपनीचे पेजमेकर (दोन्ही १९८५) यांमुळे पानाची मांडणी छापखान्याबाहेर, टेबलावरील संगणकावर करता येऊ लागली. १९९३ मध्ये अडोबीने पीडीएफ हे फाइल-स्वरूप आणले. कोणत्याही संगणकावर पान सारखेच दिसावे हा त्याचा उद्देश होता. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

विक्रीची बाजारपेठ पुढील दोन दशकांत तयार झाली. न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या एट्सी या हस्तकला-बाजारात पुढे डिजिटल फायलीही विकल्या जाऊ लागल्या. न्यू यॉर्कमधील शिक्षक पॉल एडेलमन यांनी २००६ मध्ये स्थापन केलेल्या टीचर्स पे टीचर्स या संकेतस्थळावर शिक्षक आपले शैक्षणिक साहित्य इतर शिक्षकांना विकतात. २०११ मध्ये गमरोड आणि २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅन्वा ही सेवा सुरू झाली. कॅन्वामुळे औपचारिक प्रशिक्षण नसलेल्यांनाही मांडणी करणे सोपे झाले.

उत्पादनांचे प्रकार

या बाजारातील उत्पादनांचे ढोबळमानाने पुढील गट पडतात.

नियोजन : दैनंदिनी, मासिक खर्चाचे तक्ते, अभ्यासाची वेळापत्रके.
समारंभ : लग्न, मुंज, बारसे, डोहाळजेवण, हळदीकुंकू यांच्या निमंत्रणपत्रिका, सजावटीचे फलक, वाणाची लेबले.
शिक्षण : अक्षरे गिरवण्याची पाने, बाराखडीचे तक्ते, पाढे, रंगचित्रे.
सजावट : भित्तिचित्रे, सुवचनांची पत्रके.
हस्तकला : शिवणाचे नमुने, कागदी खेळणी, कापणी-यंत्रासाठीच्या एसव्हीजी फायली.

काही फायली ग्राहकाला नाव, तारीख इत्यादी बदलता येतील अशा स्वरूपात दिल्या जातात. त्यांना ‘टेम्पलेट’ म्हणतात.

निर्मिती आणि तांत्रिक बाबी

फाइल पडद्यावर सुंदर दिसणे पुरेसे नसते. ती अनोळखी ग्राहकाच्या प्रिंटरवर नीट उमटणे हा तिच्या गुणवत्तेचा खरा निकष आहे.

कागदाचा आकार : भारतासह बहुतेक देशांत ए४ (२१० × २९७ मिमी) हा आकार प्रचलित आहे, तर अमेरिका व कॅनडात लेटर (सुमारे २१६ × २७९ मिमी) हा आकार वापरला जातो. लेटर हा ए४ पेक्षा सुमारे १८ मिमी आखूड असल्याने ए४ चे पान मूळ मापात छापल्यास वरचा किंवा खालचा भाग कापला जातो. ‘कागदाच्या मापात बसवा’ हा पर्याय निवडल्यास मजकूर लहान होतो आणि लेबले किंवा शिवणाचे नमुने यांची मापे चुकतात. म्हणून दोन्ही आकारांच्या फायली देण्याचा आणि शिवण-नमुन्यावर ठरावीक मापाचा तपासणी-चौकोन छापण्याचा प्रघात आहे.

सूक्ष्मता : चांगल्या छपाईसाठी साधारणतः दर इंचाला ३०० बिंदू ही सूक्ष्मता धरली जाते. त्यानुसार ए४ पानाची प्रतिमा २४८० × ३५०८ पिक्सेलची असावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रतिमा संकुचित होते. ती दस्तऐवज म्हणून पाठवल्यास मूळ दर्जा टिकतो.

रंग : पडदा लाल, हिरवा व निळा या प्रकाशरंगांतून, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या शाईंतून रंग घडवते. त्यामुळे पडद्यावरील झगझगीत छटा कागदावर मंद दिसतात.

समास : घरगुती प्रिंटर सहसा कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, त्यामुळे महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत ठेवावा लागतो.

इंकस्केप आणि गिंप ही मुक्त सॉफ्टवेअरे या कामासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत.

मराठी आणि देवनागरी

मराठी फायलींच्या निर्मितीत काही स्वतंत्र अडचणी येतात. मराठी डीटीपी व्यवसायात दीर्घकाळ श्रीलिपीसारख्या प्रणालींतील युनिकोडपूर्व टंक वापरले गेले. असा मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत दिसतो. त्यामुळे ग्राहकाने स्वतः मजकूर भरायचा असेल, तर युनिकोड टंक आवश्यक ठरतो. पीडीएफमध्ये टंक अंतर्भूत न केल्यास जोडाक्षरे तुटण्याचा धोका असतो. एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ आणि भारतीय प्रौद्योगिकी संस्था, मुंबई येथील ‘शोभिका’ हे खुल्या परवान्याचे देवनागरी टंक आहेत.

अनेक देवनागरी टंकांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाने येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी प्रमाणित वर्णमाला व अक्षरवळणे निश्चित केली. बालकांच्या गिरवणीच्या पानांत या वळणांकडे दुर्लक्ष झाल्यास मूल शाळेतील पुस्तकापेक्षा वेगळे अक्षर शिकते.

दिनदर्शिकांबाबत तिथीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात अमान्त महिने आणि चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून सुरू होणारे शालिवाहन शक प्रचलित आहे. दिवसाची तिथी स्थानिक सूर्योदयावरून ठरत असल्याने पुण्यासाठी तयार केलेली दिनदर्शिका अमेरिकेत जशीच्या तशी लागू पडत नाही. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मराठी शाळा चालतात. तेथील मुलांसाठी गिरवणीची पाने करताना लेटर आकारही विचारात घ्यावा लागतो.

विक्रीची माध्यमे आणि अर्थकारण

विक्री मुख्यतः तीन मार्गांनी होते : एट्सीसारखा सामाईक बाजार, गमरोड किंवा भारतातील इन्स्टामोजो यांसारखी फाइल-विक्रीची सेवा आणि स्वतःचे संकेतस्थळ. सामाईक बाजारात ग्राहक आयते येतात, पण शुल्क आणि नियम बाजारचालक ठरवतो. स्वतःच्या संकेतस्थळावर नियंत्रण अधिक असते, मात्र ग्राहक स्वतः मिळवावे लागतात.

एट्सीवर प्रत्येक नोंदीसाठी ०.२० डॉलर शुल्क असून नोंद चार महिने टिकते. विक्री झाल्यावर नोंदीचे नूतनीकरण होऊन ते शुल्क पुन्हा लागते. व्यवहार-शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के करण्यात आले, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी आपली दुकाने काही दिवस बंद ठेवून निषेध नोंदवला. या दरांनुसार ३ डॉलरच्या फाइलवर सुमारे ०.४० डॉलर शुल्क जाते. देयक-प्रक्रिया, चलन-रूपांतर आणि जाहिरात यांचा खर्च याव्यतिरिक्त असतो.

प्रत वाढवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असला, तरी पहिली प्रत फुकट तयार होत नाही. उदाहरणादाखल, एखाद्या डिझाइनला २० तास लागले आणि प्रत्येक विक्रीतून २०० रुपये हाती आले, तर ताशी १०० रुपये मोबदला पडण्यासाठी १० प्रती विकल्या जाव्या लागतात. जी डिझाइने विकलीच जात नाहीत, त्यांचे तासही याच हिशेबात धरावे लागतात. शिवाय नमुना-चित्रे, वर्णन, ग्राहकांच्या शंका आणि दरवर्षी बदलणाऱ्या तारखा यांचे काम सुरूच राहते.

साध्या, सर्वसामान्य डिझाइनांना विनामूल्य पर्याय मुबलक असतात. त्यामुळे विशिष्ट गरज अचूक भागवणारी फाइल अधिक टिकाव धरते. उदाहरणार्थ, बचत गटाची हिशेबपत्रके.

बौद्धिक संपदा

ग्राहक फाइल विकत घेतो तेव्हा त्याला डिझाइनची मालकी नव्हे, तर वापराचा परवाना मिळतो. बहुतेक परवाने वैयक्तिक वापरापुरते असतात. छापील प्रती विकण्यासाठी वेगळा परवाना लागतो.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार मूळ कलाकृतीला नोंदणीविना संरक्षण मिळते. साहित्य व कलाकृती यांच्यावरील प्रताधिकार सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. राजा रविवर्मा (मृत्यू १९०६) यांची चित्रे किंवा संतांचे अभंग वापरता येतात. मात्र कुसुमाग्रजांच्या (मृत्यू १९९९) कवितेच्या ओळींचे भित्तिपत्रक विकण्यासाठी २०५९ अखेरपर्यंत हक्कधारकाची परवानगी लागेल. वाढदिवसाच्या पत्रिकेवर लोकप्रिय कार्टून पात्रे वापरणे हाही परवानगीविना केलेला भंगच ठरतो. वारली चित्रकलेला भौगोलिक संकेतन मिळालेले असल्याने त्या नावाचा व्यापारी वापर करताना आदिवासी कलाकारांच्या हक्कांचा विचार आवश्यक आहे.

टंक आणि तयार चित्रे यांचे परवाने स्वतंत्र असतात. कॅन्वासारख्या साधनांतील तयार चित्रे जशीच्या तशी, स्वतंत्रपणे विकण्यास मनाई आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेल्या चित्रांबाबत अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये मानवी कर्तृत्वाची अट स्पष्ट केली. त्यामुळे केवळ यंत्राने काढलेल्या चित्राची नक्कल रोखणे तेथे कठीण ठरते.

कर आणि ग्राहक-संरक्षण

या विक्रीतून होणारे उत्पन्न आयकरास पात्र असते. डिजिटल फाइलचा ऑनलाइन पुरवठा सामान्यतः सेवा मानला जातो. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी सेवापुरवठादारांची वार्षिक उलाढालीची मर्यादा महाराष्ट्र व गोव्यात २० लाख रुपये आहे. परदेशी ग्राहकाकडून परकीय चलनात मोबदला आल्यास आणि इतर अटी पूर्ण झाल्यास तो पुरवठा निर्यात ठरतो. युरोपीय संघात १ जानेवारी २०१५ पासून डिजिटल सेवांवरील मूल्यवर्धित कर ग्राहकाच्या देशानुसार आकारला जातो; मोठे बाजारचालक तो स्वतः वसूल करतात. पेपालने भारतांतर्गत देयक-सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली; परदेशातून रक्कम स्वीकारण्याची सेवा मात्र सुरू राहिली.

ग्राहक-संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार परतावा-धोरण ग्राहकाला आधी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. उतरवलेली फाइल परत घेता येत नसल्याने ‘ही डिजिटल फाइल आहे, छापील वस्तू घरपोच मिळणार नाही’ ही सूचना ठळकपणे देणे वाद टाळते.

टीका आणि मर्यादा

या व्यवसायावरील मुख्य टीका त्याच्या प्रचाराशी निगडित आहे. यशस्वी विक्रेत्यांचे आकडे दाखवून महागडी प्रशिक्षणे विकली जातात. पण विक्री न झालेल्या दुकानांची उदाहरणे त्यात नसतात. ‘पुनर्विक्री हक्कांसह’ मिळणाऱ्या हजारो टेम्पलेटांच्या गठ्ठ्यांत तीच फाइल असंख्य जणांकडे असते आणि तिचा मूळ परवाना अनेकदा अस्पष्ट असतो. तक्रार आल्यास दुकान बंद होण्याची जोखीम मूळ पुरवठादारावर नव्हे, तर ती विकणाऱ्यावर येते.

दुसरीकडे, लहान मुले किंवा वृद्ध यांची देखभाल करणाऱ्या, तसेच प्रवासास असमर्थ व्यक्तींना सवडीच्या वेळी आणि अल्प भांडवलात करता येणारे काम म्हणून त्याचे महत्त्व आहे. उत्पन्न अनिश्चित असल्याने ते सुरुवातीला पूरक उत्पन्न मानणे अधिक वास्तववादी ठरते.

हे सुद्धा पहा

प्रताधिकार
ई-वाणिज्य
युनिकोड
भौगोलिक संकेतन