ग्रंथस्वामित्व आणि विद्यादान

भिलाई म्हटले की पोलादाच्या भट्ट्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण २०१६ साली याच नगरीच्या नावाने आयआयटी स्थापन झाली. आरंभी तिचे वर्ग रायपुरात भरत. त्याच वर्षी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल अशा प्रत्येक विद्यापीठातील गुरुशिष्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. महागड्या ग्रंथातील एखादे प्रकरण विद्यार्थ्यांसाठी उतरवून घेणे हा अपराध आहे काय?

प्रश्न जुना आहे. इंग्लंडात १७१० साली अमलात आलेला ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा विद्येच्या उत्तेजनार्थच झाला होता. आपल्याकडे मुंबईतील एक वाद १९२३ मध्ये थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. नॉर्थने भाषांतरिलेल्या प्लूटार्कच्या अलेक्झांडर-चरित्रातील वेचे निवडून मॅकमिलन कंपनीने विद्यार्थ्यांसाठी पुस्तक काढले होते. तसेच पुस्तक मुंबईच्या कूपर प्रकाशकांनीही काढले. निर्णय मोठा मार्मिक झाला. जुन्या मजकुराच्या नुसत्या निवडीवर मॅकमिलनचे स्वामित्व नाही. पण टिपा लिहिण्यात विद्वत्ता व श्रम खर्ची पडले आहेत, तेव्हा टिपांवर ते आहे.

पुढे स्वतंत्र भारताने १९५७ चा कायदा केला आणि त्याच्या ५२व्या कलमात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल स्वामित्वभंगातून वगळली. या सवलतीची कसोटी लागली ती दिल्लीत. विद्यापीठाच्या आवारातील एक छायाप्रतींचे दुकान अभ्यासक्रमातील उताऱ्यांचे संच बांधून देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्यावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती एंडलॉ यांनी तो फेटाळला. ग्रंथस्वामित्व हा ईश्वरदत्त हक्क नव्हे, असे त्यांनी म्हटले. डिसेंबरात खंडपीठाने तत्त्व मान्य केले, परंतु एक अट स्पष्ट केली: शिकवण्याच्या हेतूला जेवढे आवश्यक, तेवढेच घ्यावे. ही आवश्यकता पुराव्याने तपासण्यासाठी दावा परत पाठवला गेला. मात्र २०१७ मध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला.

मला या इतिहासाचे मर्म त्या अटीत दिसते. पाने किती, यापेक्षा ती कशासाठी, हे कायदा विचारतो. विद्यार्थ्याच्या हाती ज्ञान पोहोचलेच पाहिजे. पण टिपा लिहिणाऱ्याच्या श्रमांची बूजही राहिली पाहिजे. उतारा निवडताना प्राध्यापकाने स्वतःला एवढेच विचारावे: याच्यावाचून माझा पाठ अडेल काय? उत्तर प्रामाणिक असेल, तर कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे.