सुप्रा टिकते, म्हणून काय?

नव्वदच्या दशकातल्या जपानी स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की निकाल आधीच लागलेला असतो. संग्रहात ठेवायची तर टोयोटा सुप्रा ए-80. माझदा आरएक्स-7 एफडी देखणी खरी, पण तिचं रोटरी इंजिन म्हणजे टाइमबॉम्ब! हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. सुप्राच्या 2जेझेड-जीटीई इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉक खरोखर दणकट आहे. जपानमध्ये ही गाडी कारखान्यातून 280 अश्वशक्ती घेऊन निघायची. टर्बो बदलून, इंधनपुरवठा वाढवून त्याच ब्लॉकमधून हजार काढणारे आहेत. माझा आक्षेप या माहितीला नाही, तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

हजार अश्वशक्ती सोसणं हा गुण ट्यूनरच्या कामाचा. संग्राहकाला गाडी हवी असते कारखान्यातून निघाली तशी. इंजिन सोसतं म्हणूनच सुप्रांवर इतके हात फिरले, की मूळ टर्बोंची गाडी आता शोधावी लागते. आरएक्स-7ही या हौसेतून सुटली नाही, हे मान्य. पण मग दणकटपणा संग्राहकाच्या पदरात नेमकं काय टाकतो?

आता रोटरीच्या नाजूकपणाकडे वळू. आरएक्स-7च्या 13बी-आरईडब्ल्यू इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. दोन तिकोनी रोटर, आणि प्रत्येकाच्या तिन्ही टोकांवर एकेक एपेक्स सील. या सीलना वंगण मिळावं म्हणून इंजिन थोडं ऑइल मुद्दाम जाळतं. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. मालक डिपस्टिक बघत नाही आणि बोल लागतो इंजिनाला. दुसरं कारण उष्णता. बॉनेटखाली दोन टर्बो दाटीनं बसवलेले. ते कधी कुठला चालायचा हे ठरवणारे व्हॅक्यूमचे रबरी पाइप तापून कडक होतात, चिरतात. कूलंटची प्लॅस्टिकची छोटी टाकीही तडकते. कूलंट गळलं की इंजिन तापतं आणि सील जातात. घात पाइप आणि टाकी करतात, नाव रोटरचं बदनाम होतं. सिलिकॉनचे पाइप आणि धातूची टाकी हे उपाय जुनेच आहेत. हयगय माफ करणारं हे इंजिन नव्हे, एवढं मात्र खरं.

1991 मध्ये माझदा 787बीनं रोटरी इंजिनावर ल मां जिंकली, हा दाखला रोटरीप्रेमी हटकून देतात. मी तो देणार नाही. शर्यतीच्या इंजिनामागे मेकॅनिकांची फौज असते. त्यापेक्षा वजन बघा. सुप्रा दीड हजार किलोच्या आसपास, आरएक्स-7 तिच्यापेक्षा दोनशे किलोंहून हलकी. तिचं आटोपशीर इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे बसतं, त्यामुळे पुढचं-मागचं वजन जवळजवळ निम्मंनिम्म. वळणावर ते हातांना कळतं. शिवाय सहा सिलिंडरची टर्बो इंजिनं इतरांनीही केली; जोडटर्बोची रोटरी स्पोर्ट्स कार माझदाखेरीज कुणी बाजारात आणली?

राहिला भाव. 'द फास्ट अँड द फ्युरियस'मधली केशरी सुप्रा 2021 च्या लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. तो भाव सिनेमाचा. त्याच सिनेमात विन डिझेल लाल आरएक्स-7 चालवतो, हे मात्र सोयीनं विसरलं जातं.

दोन्ही गाड्यांचं उत्पादन 2002 मध्ये थांबलं. जपायला एकच घ्यायची तर माझं मत आरएक्स-7ला. फक्त व्यवहारापूर्वी रोटरीच्या खास गेजनं कॉम्प्रेशन तपासून घ्या: दोन रोटर, प्रत्येकी तीन, असे सहा आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत. विकणारा साध्या गेजवर भागवू लागला, तर दुसरी गाडी बघा.