नाबोथाचा मळा आणि मुळशीचे खोरे

राजा अहाबने नाबोथाचा द्राक्षमळा फुकट मागितला नव्हता. त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देण्यास तो तयार होता. तरीही वाडवडिलांचे वतन नाबोथाने नाकारले. जुन्या करारातील ही कथा पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्याचा इतिहास वाचताना वारंवार आठवते.

नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडायचे आणि निर्माण होणारी वीज मुंबईला पुरवायची, ही टाटांची योजना. तिच्यामागे त्या काळचे अद्ययावत तंत्रज्ञान होते आणि जगाच्या बाजाराशी बांधलेल्या गिरण्यांची गरज होती. मात्र त्यासाठी आंबेमोहोर पिकविणारी खाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी नेतृत्व केले. याच लढ्याने बापटांना 'सेनापती' केले.

लढा मोडला तो केवळ तुरुंगवासाने नव्हे. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. त्यांनी नुकसानभरपाई स्वीकारली. कसणाऱ्या कुळाचा हक्क मात्र दुबळा होता. कूळकायदा येण्यास १९४८ साल उजाडावे लागले. १९२४ मध्ये सत्याग्रह संपला आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. उजेड मुंबईला मिळाला, अंधार खोऱ्याच्या वाट्याला आला.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडीत, संगणक उद्योगाची वसाहत उभी राहिली. या वेळी पाणी नव्हे, माहिती सातासमुद्रापार जाऊ लागली. सुशिक्षितांना भरघोस वेतन मिळाले. जमीनधारकांच्या हाती एकरकमी पैसा आला; तो टिकला तर भाग्य, नाहीतर जमीनही गेली आणि पैसाही. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाचा विषय हाच आहे. भूमिहीन मजूर आणि कातकरी यांच्या नावे तर विकण्याजोगेही काही नव्हते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'चेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात सांगितले की, आपल्या काळात ज्ञान, तंत्र आणि कौशल्य हीदेखील मालमत्ताच आहे, आणि तिचे महत्त्व जमिनीपेक्षा कमी नाही. मुळशीच्या दोन्ही प्रकरणांची गुरुकिल्ली येथे आहे. यंत्र स्वतः विषमता निर्माण करीत नाही. मालकी कोणाची, यावर सारे ठरते. किंमत एकदाच मिळते, वाटा मात्र पिढ्यान्‌पिढ्या मिळतो. पुण्याजवळच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमीन विकून न टाकता एकत्र येऊन स्वतःच्या कंपनीमार्फत नगर वसविले, तेव्हा त्यांनी किंमत नव्हे, वाटा मागितला होता.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना विनंती : जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी घरातील स्त्रिया व मुले यांना विचारात घ्या. आलेल्या पैशातला पहिला हिस्सा शिक्षणासाठी ठेवा. आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, पण ज्याच्या घामाने ते शेत पिकले, त्याचाही विचार करा. नाबोथाकडे निदान नकार देण्यापुरता मळा होता. त्या मजुराकडे तोही नाही.