स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट अपग्रेड करताय? निसान जीटी-आरच्या उदाहरणातून समजून घ्या

एक्झॉस्ट म्हटलं की आपल्याकडे लगेच सायलेन्सर डोळ्यांसमोर येतो आणि अपग्रेड म्हटलं की मोठा आवाज. खरं तर एक्झॉस्ट म्हणजे इंजिनापासून गाडीच्या मागच्या टोकापर्यंतची अख्खी लाइन, आणि सायलेन्सर हा तिचा फक्त शेवटचा भाग. पॉवर वाढेल, नुसता आवाज वाढेल की गाडी पीयूसीत नापास होईल, हे तुम्ही या लाइनमधला कोणता भाग बदलता यावर ठरतं. त्यामुळे "कोणत्या कंपनीचा एक्झॉस्ट घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, "कोणता भाग बदलायचाय आणि कशासाठी?"

उदाहरणासाठी मी निसान जीटी-आर आर३५ घेतली आहे. २००७ मध्ये जपानमध्ये आलेली ही गाडी २०१६ च्या अखेरीस भारतात अधिकृतपणे विक्रीला आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ३.८ लिटरचं व्ही६ इंजिन, दोन टर्बो, सुरुवातीला ४८० पीएस आणि २०१७ च्या मॉडेलपासून ५७० पीएस. टर्बो असलेल्या बहुतेक स्पोर्ट्स कारना हेच गणित लागू पडतं.

गॅस कोणत्या वाटेने बाहेर पडतो?

१. मॅनिफोल्ड आणि टर्बो: व्ही६ च्या प्रत्येक बाजूच्या तीन सिलिंडरचा गॅस मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो आणि टर्बोचं टर्बाइन फिरवतो. जीटी-आरमध्ये मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं हाउसिंग एकाच तुकड्यात आहे. म्हणून इथे "हेडर बदलून टाकू" इतकं सोपं काम नाही. तो बदल म्हणजे टर्बोचाच बदल.

२. डाउनपाइप: टर्बोनंतर लगेच येणारा पाइप. दोन टर्बो, म्हणून दोन डाउनपाइप.

३. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच कॅट: मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, जिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं प्रमाण ती कमी करते. तापल्याशिवाय ती काम करत नाही, म्हणून मुख्य कॅट टर्बोच्या जवळ बसवतात.

४. वाय-पाइप: दोन्ही बाजूंचा गॅस इथे एकत्र येतो. यालाच मिड-पाइपही म्हणतात.

५. मफलर आणि टेलपाइप: आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो हा. जीटी-आरला मागे चार टेलपाइप असतात.

"कॅट-बॅक" हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचा अर्थ कॅटच्या पुढचा भाग बदलणं, कॅटला हात न लावता.

बॅक प्रेशर हवं की नको?

"थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर पिकअप जातो" हे वाक्य गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. टर्बो नसलेल्या इंजिनात फार मोठा पाइप टाकला तर कमी आरपीएमला पिकअप कमी होऊ शकतो, हे खरं आहे. पण कारण वेगळं आहे. पाइप मोठा झाला की गॅसचा वेग पडतो, आणि बाहेर जाणारा गॅस मागच्या गॅसला ओढून नेतो ती क्रिया मंदावते. म्हणजे तोटा वेग गेल्यामुळे होतो, बॅक प्रेशर गेल्यामुळे नाही.

टर्बो गाडीत चित्र आणखी स्पष्ट आहे. टर्बाइन फिरतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब कमी केला की टर्बो लवकर वेग घेतो. त्यामुळे टर्बोनंतरची वाट जितकी मोकळी तितकं चांगलं. अर्थात यालाही मर्यादा आहे. इंजिनाला लागेल तेवढा प्रवाह एकदा मिळाला की त्याहून मोठा पाइप नुसता आवाज आणि वजन वाढवतो. जीटी-आरसाठी ९० मिमी आणि १०२ मिमी असे दोन व्यासांचे कॅट-बॅक बाजारात सहज मिळतात. टर्बो मूळचेच ठेवणार असाल तर मी ९० मिमी घेईन. १०२ मिमीचा उपयोग मोठे टर्बो बसवणाऱ्यांना.

कोणता भाग बदलल्यावर काय मिळतं?

- फक्त मफलर: आवाज बदलतो, वजन थोडं कमी होऊ शकतं. पॉवरची अपेक्षा ठेवू नका.
- वाय-पाइपसह पूर्ण कॅट-बॅक: आवाज, वजन आणि थोडी पॉवर. इंजिनाचं ट्यूनिंग सहसा बदलावं लागत नाही, कारण आत येणारी हवा सेन्सर मोजतात आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल देतो.
- डाउनपाइप: पॉवरच्या दृष्टीने सर्वात परिणामकारक भाग, कारण तो टर्बाइनला चिकटून आहे. पण कॅटही इथेच असल्याने कायद्याचा प्रश्नही इथेच येतो.

कॅट काढून टाकला की नंतरच्या ऑक्सिजन सेन्सरला फरक कळतो आणि पी०४२० किंवा पी०४३० कोड येऊन चेक इंजिन लाइट लागतो. कोड सॉफ्टवेअरमधून बंद करता येतो, पण धूर तोच राहतो. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही. बंद गॅरेजमध्ये अशी गाडी सुरू ठेवणं जीवघेणं ठरू शकतं.

ट्यूनिंगशिवाय डाउनपाइप नको

वाट मोकळी झाली की टर्बो ठरवलेल्या बूस्टच्या वर जाऊ शकतो. जास्त हवा आली आणि त्या प्रमाणात पेट्रोल मिळालं नाही की मिश्रण लीन होतं, तापमान वाढतं, नॉकिंग सुरू होतं. जीटी-आरचं प्रत्येक इंजिन योकोहामात एकेका कारागिराने हाताने जोडलेलं आहे. ते उघडावं लागलं तर खर्च एक्झॉस्टच्या कितीतरी पट होईल. म्हणून डाउनपाइपसोबत ईसीयूचा नवा मॅप घ्यायलाच हवा, आणि तोही तुम्ही रोज भरता त्या पेट्रोलवर डायनोवर तपासलेला. जपानमधल्या हाय-ऑक्टेनवर बनवलेला मॅप इथे जसाच्या तसा टाकू नये.

केबिनमध्ये घुमणारा आवाज

नवा एक्झॉस्ट लावल्यावर सर्वात जास्त तक्रार असते ती हायवेवर कानात घुमणाऱ्या आवाजाची. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेरीला तीन स्फोट होतात. २,००० आरपीएमला म्हणजे सेकंदाला १००, अर्थात १०० हर्ट्झ. क्रूझिंगला हाच आकडा केबिनच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला की डोकं उठतं.

यावर उपाय म्हणजे एका टोकाला बंद असलेला बाजूचा पाइप. त्याची लांबी ध्वनिलहरीच्या पाव भागाइतकी ठेवली की परत येणारी लहर मूळ लहरीला मारते. सुमारे ४०० अंश सेल्सिअस गॅसमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५२० मीटर असतो, म्हणजे १०० हर्ट्झसाठी पाइप १.३ मीटर हवा. विकणाऱ्याला विचारा, "घुमण्यावर काय उपाय केलाय?" उत्तरात रेझोनेटर किंवा असा पाइप यायला हवा.

स्टील की टायटॅनियम?

टायटॅनियमची घनता साधारण ४.५, स्टेनलेस स्टीलची जवळपास ८. जाडी तीच ठेवली तर वजन सुमारे ४० टक्क्यांहून अधिक कमी. पण २०१७ च्या मॉडेलपासून जीटी-आरला कंपनीनेच टायटॅनियम एक्झॉस्ट दिला आहे, त्यामुळे तिथे "वजन कमी होईल" हा मुद्दा फारसा उरत नाही. टायटॅनियमचं वेल्डिंग आतून-बाहेरून आर्गॉन वायू सोडून करावं लागतं, नाहीतर जोड ठिसूळ होतो. शहरातल्या वापरासाठी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील पुरेसं आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या गाडीसाठी कलम १९०(२) आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोड रोलर फिरवल्याचे फोटो आपण पाहिलेच आहेत. ते बहुतेक बुलेटचे असले तरी नियम कारलाही लागू आहे.

आवाजाचे नियम कंपन्यांनाही सुटलेले नाहीत. नव्या आवाज-नियमांमुळे जीटी-आर २०२२ मध्ये युरोपच्या बाजारातून बाहेर पडली, आणि जपानमधल्या २०२४ च्या मॉडेलसाठी निसानला नवा मफलर बनवावा लागला.

मी सुचवेन तो क्रम

आधी हेतू ठरवा. आवाज हवा असेल तर कॅट जागेवर ठेवून व्हॉल्व्ह असलेला कॅट-बॅक बघा: सोसायटीत व्हॉल्व्ह बंद, ट्रॅकवर उघडा. पण बंद असताना आवाज मूळ गाडीइतकाच राहतो का, हे मोजून घ्या. १० डेसिबल वाढ कानाला जवळपास दुप्पट वाटते. पॉवर हवी असेल तर डाउनपाइप आणि मॅप एकत्रच करा आणि ती गाडी ट्रॅकपुरती ठेवा. काढलेले मूळ भाग विकू नका. वॉरंटी, विमा आणि पुढची विक्री या तिन्ही वेळी तेच उपयोगी पडतात.